फ्रिजवरचा फोन

वर्गात मी तिला पहिल्या बाकावर बसवायचे, ते ती हुशार होती म्हणून नव्हे. डोळ्यांसमोर राहावी म्हणून. तिचं तोंड बंद म्हणून कधी नसायचं. कोणी कोणाशी कट्टी घेतली, कोणाच्या घरी पाहुणे आलेत, मुख्याध्यापिकाबाईंनी शिपायाला काय सुनावलं, सगळं मधल्या सुट्टीत तिच्याकडून अख्ख्या वर्गाला कळायचं. एकदा फळ्याकडे तोंड करून मी जांभई दिली, तर शाळा सुटायच्या आत ती बातमी शिक्षकांच्या खोलीत पोचली होती. मुलींनी तिचं नाव 'रेडिओ' ठेवलं. ते असं चिकटलं, की आज ती चाळिशी ओलांडून गेली तरी आमच्या इमारतीत तिला दुसऱ्या नावाने कोणी ओळखत नाही. तिच्या सासूबाईसुद्धा भांडतानाच तेवढं 'सूनबाई' म्हणतात.

ती वर्तमानपत्रात बातमीदार झाली, याचं आम्हाला कोणालाच नवल वाटलं नाही. नवल वाटलं ते पुढे, तिच्या पोटात काय काय राहू शकतं हे पाहून.

माझ्या बरोबर वरच्या मजल्यावर तिचं घर आहे. नवरा कवळ्या बनवतो. शांत माणूस, बोटं नेहमी प्लास्टरने पांढरी. त्यांच्या जेवणाच्या टेबलावर कोणाचे ना कोणाचे दात वाळत पडलेले असतात. "या घरात दात पुष्कळ आहेत," सासूबाई म्हणतात, "पण चावून बोलणारी मी एकटीच." सून आणि सासू दिवसभर एकमेकींना टोमणे मारतात, आणि संध्याकाळी दोघींपैकी एक घरी नसली की दुसरी खिडकीशी उभी असते.

रेडिओचा फोन हा आमच्या इमारतीतला एक कायमचा आवाज आहे. जिन्यातून चढताना, गॅलरीत कपडे वाळत घालताना, ती कोणाशी तरी बोलतच असते. भाजीवाल्यापासून न्यायालयाच्या कारकुनापर्यंत सगळ्यांची ख्यालीखुशाली तिला हवी. अशा बडबड्या बाईला लोक बिचकत नाहीत. स्वतःहून सांगतात. आणि ती इतकं काही सांगत असते, की काय सांगत नाहीये हे कोणाच्या लक्षातच येत नाही. ही युक्ती माझ्या ध्यानात यायलासुद्धा काही वर्षं जावी लागली.

पण काही वेळा ती फोन घरी ठेवून जायची. फ्रिजवर विणलेला एक रुमाल आहे, त्यावर.

"विसरलीस का गं?" मी एकदा विचारलं.

"नाही बाई. हा खिशातला चहाडखोर आहे. मी कुठे गेले, किती वेळ बसले, माझ्या शेजारी कोणाचा फोन होता, सगळं सांगतो. वर चहाडीचं बिल आपणच भरायचं."

"माझी जांभई शाळाभर करणारी तू, चहाडीबद्दल बोलतेस?"

"म्हणूनच तर त्याला बरोबर ओळखते," ती म्हणाली.

ज्याला आपल्याशी बोलताना पाहिलं गेलं तर त्याचं नुकसान होईल, अशा माणसाला भेटायला जाताना ती फोन नेत नसे, आणि त्या माणसालाही त्याचा फोन घरी ठेवायला सांगत असे. तिची ही पद्धत तिने स्वतःच बसवली होती, आणि तिला ती चोख वाटत होती.

त्या वर्षी तिने पाण्याचं प्रकरण हाती घेतलं. कारखान्यामागच्या जुन्या वस्तीत पाण्याचे पाईप शिशाचे आहेत, ते झिजून शिसं पाण्यात उतरतं आणि लहान मुलांना त्याचा सगळ्यात जास्त त्रास होतो, असं तिथली एक डॉक्टरीण कित्येक दिवस ओरडून सांगत होती. पाणीपुरवठा खात्याचे तपासणीचे आकडे मात्र दरवेळी स्वच्छ. मग खात्यातलंच एक माणूस रेडिओकडे आलं. बाई की पुरुष, तरुण की म्हातारं, मला माहीत नाही. ती नेहमी 'ते माणूस' एवढंच म्हणायची. त्या माणसाने तिला सांगितलं, की वस्तीतून नमुना घेण्याआधी नळ भरपूर वेळ सोडून ठेवायचा, अशी वरून तोंडी सूचना आहे. रात्रभर पाईपमध्ये साचलेलं पाणी वाहून गेलं, की मग बाटली भरायची. आकडा आपोआप सुधारतो.

हे छापून आलं आणि खातं खवळलं. ही सूचना आतल्या मोजक्या लोकांनाच ठाऊक होती. चौकशी बसली. वर्तमानपत्राला नोटीस आली: सिद्ध करा, नाहीतर माफी छापा. वर्तमानपत्राच्या वकिलांनी सांगितलं, पुढची बातमी छापायची असेल तर त्या माणसाने एकदा माझ्यासमोर बसून हे सांगावं. रेडिओ त्या माणसाला एकाआड एक गुरुवारी संध्याकाळी भेटत असे. पुढच्या गुरुवारी वकिलांकडे न्यायचं असं तिने ठरवलं.

"ते माणूस सापडलं तर काय होईल गं?" मी विचारलं होतं.

"नोकरी जाईल. खटला होईल. घर चालवणारं ते एकटंच आहे." मग तिने लगेच माझ्या गुडघेदुखीची चौकशी सुरू केली, त्यावरून मी ओळखलं की इथे दार लागलं.

मधल्या काळात चौकशीवाले एक साहेब तिच्या कार्यालयात येऊन गेले. फार सभ्य माणूस, तिने वर्णन केलं. खुर्चीत बसण्याआधी खुर्ची पुसली. माहिती कोणी दिली हे ती सांगणार नाही, हे त्यांना आधीच ठाऊक होतं, म्हणून त्यांनी ते विचारलंही नाही. हवापाण्याच्या गोष्टी केल्या आणि उठताना म्हणाले, "मॅडम, गुरुवारी संध्याकाळी व्यायामाला वगैरे जाता का?"

"मी आणि व्यायाम?" ही हसली. ते पण हसले आणि गेले.

तो प्रश्न तिने आम्हाला गंमत म्हणून सांगितला. तिच्या स्वयंपाकघरात आम्ही तिघी मटार सोलत बसलो होतो. फोन फ्रिजवर नव्हता, तिच्या मांडीजवळ होता आणि मधूनमधून गुरगुरत होता.

"त्यात हसण्यासारखं काय आहे?" सासूबाई म्हणाल्या. "तू कुठे जातेस ते मला कळत नाही, पण कधी जातेस ते कळतं."

"कसं काय, आई?"

"एरवी या घरात मला स्वतःचा विचार ऐकू येत नाही. एकाआड एक गुरुवारी संध्याकाळी मात्र इतकं शांत असतं, की मी डुलकी काढून घेते. तुझा फोन वाजत नाही, हलत नाही. देवमाणसासारखा फ्रिजवर पडून असतो."

रेडिओच्या हातातली शेंग तशीच राहिली. तिने फोन उचलला, आतल्या खोलीत नवऱ्याच्या उशाखाली ठेवला, दार ओढलं आणि परत येऊन बसली. चेहरा उतरला होता. गणित सुटल्यावर नव्हे, तर आपण ते सुरुवातीपासून चुकीचं मांडलंय हे कळल्यावर मुलींचा होतो, तसा.

"बाई," ती हळू आवाजात म्हणाली, "दुसऱ्या कोणाचा फोन तासभर गप्प राहिला तर कोणाला काही वाटणार नाही. माझा राहिला तर भोक पडल्यासारखं दिसतं. त्यांनी माझ्या फोनचा हिशेब काढलाय. गुरुवारची भोकं त्यांना दिसलीत. आता ते खात्यातल्या लोकांचे फोन बघणार. नेमक्या त्याच संध्याकाळी कोणाचा फोन घरी निपचित पडून होता, हे शोधणार."

"एकदा एखाद्याचा फोन घरी राहू शकतो की," मी म्हटलं.

"एकदा पुष्कळांचा राहील. दोनदा, त्यातल्या थोड्यांचा. दरवेळी राहणारं एकच माणूस उरेल. आणि फोन घरी ठेवायला त्याला मीच सांगितलं. अगदी बजावून."

सासूबाईंनी मटारांचं भांडं पुढे ओढलं. "मग आता?"

"आता आणखी एकही भेट नाही," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी तिने हे संपादकांना सांगितलं. ते नंतर कधीतरी माझ्याकडे चहाला आले होते, तेव्हा त्यांनीच मला हा प्रसंग ऐकवला. भला माणूस, पण पित्ताचा त्रास. खिशात गोळ्या असतात.

"अगं, ते माणूस वकिलांसमोर आलं नाही, तर आपल्याला माफी छापावी लागेल," ते म्हणाले.

"येणार नाही, साहेब."

"मग निदान मला नाव सांग. मी वकिलांना माझ्या जबाबदारीवर पटवतो."

"तुम्हाला सांगितलं, आणि उद्या तुम्हाला कोणी खोलीत बसवून विचारलं, तर तुम्ही गोळी घ्याल आणि सांगाल. मग मला आयुष्यभर तुमचा राग धरावा लागेल. मला ते नकोय. तुम्ही माणूस चांगले आहात."

संपादकांनी खरंच गोळी घेतली. "म्हणजे बातमी गेली," ते म्हणाले.

"बातमी कुठे जातेय. फक्त त्या माणसाच्या खांद्यावरून ती उतरवायची आहे. मला थोडे दिवस द्या. वकिलांना म्हणावं, नोटिशीला उत्तर द्यायला मुदत मागा."

अडचण एकच होती. पुढच्या गुरुवारी येऊ नकोस, हा निरोप त्या माणसाला द्यायचा कसा? फोन नाही, चिठ्ठी नाही, कोणाहाती सांगणं तर नाहीच. त्यांच्यात एक नियम ठरलेला होता. तिने नुसतं न जाणं, हाच निरोप. ती एकदा आली नाही, तर त्या माणसाने उठून घरी जायचं आणि पुन्हा कधीच यायचं नाही. तिलाही पुन्हा शोधायचं नाही. नियम तिनेच केला होता. तो वापरायची वेळ येईल असं तिला वाटलं नव्हतं.

गुरुवारी संध्याकाळी माझा फोन वाजला. रेडिओ.

"बाई, तुमची ती जांभई आठवते का?"

"अगं, वरून ओरडलीस तरी ऐकू येईल. खाली ये, चहा टाकते."

"नको, फोनवरच बरं वाटतं. बाई, तुम्ही तेव्हा नक्की कशाने कंटाळला होतात? कवितेने की आमच्यामुळे?"

मी काहीतरी उत्तर देत होते आणि मग माझी नजर भिंतीवरच्या दिनदर्शिकेकडे गेली. आज ती गुरुवारचं भोक बुजवत होती. मी बोलत राहिले. मुख्याध्यापिकाबाईंची छत्री, शिपायाची मोठी मिशी, सहलीला बसमध्ये कोणाला उलटी झाली, सगळं. बोलता बोलता चपला घातल्या आणि जिना चढले.

दार सासूबाईंनी उघडलं आणि ओठांवर बोट ठेवलं. आत गॅलरीत ती उभी होती, माझ्याकडे पाठ करून. एका हाताने फोन कानाला धरलेला, दुसऱ्या हाताने कठडा इतका घट्ट पकडलेला, की बोटांची पेरं पांढरी पडली होती. आवाज मात्र नेहमीचा. "आणि बाई, त्या उलटीवर तुम्ही माझा रुमाल टाकलात. नवा होता."

"तुझाच होता का तो?" मी फोनमध्ये म्हटलं आणि तिच्या शेजारी जाऊन उभी राहिले.

तिने माझ्याकडे पाहिलं. डोळे भरलेले होते. पण बोलणं थांबवलं नाही, मीही नाही. एकमेकींच्या खांद्याला खांदा लावून आम्ही दोघी फोनवर बोलत होतो. खाली रस्त्यावरून कार्यालयातून सुटलेली माणसं घरी चालली होती. शहराच्या कुठल्यातरी टोकाला एक माणूस वाट पाहत बसलेलं असणार, येणाऱ्याजाणाऱ्याकडे बघत. मग उठलेलं असणार. आपण चुकीच्या बाईवर विश्वास टाकला असं त्याला वाटलं असेल का, हे तिला विचारता येणार नव्हतं, आणि तसं नाही हे सांगताही येणार नव्हतं.

सासूबाईंनी दोघींच्या मधे चहाचे कप आणून ठेवले. "फुकट जातोय वाटतं फोन," त्या मोठ्याने म्हणाल्या, ऐकणाऱ्याला ऐकू जावं अशा बेताने. "बिल माझा मुलगा भरतो म्हणून."

"बघा बाई, मला या घरात कोणाशी दोन शब्द बोलायची सोय नाही," रेडिओ फोनमध्ये म्हणाली, आणि तेव्हा पहिल्यांदा तिचा आवाज किंचित हलला.

दिवेलागणीला तिने फोन ठेवला. चहा गार झाला होता. तो तिने तसाच पिऊन टाकला आणि म्हणाली, "उद्या पहाटे वस्तीत जाणार आहे. तुमचं अक्षर चांगलं आहे. बाटल्यांवर चिठ्ठ्या लावायला याल?"

गेले. नुसती मीच नाही, ती डॉक्टरीणही आली. रेडिओने आपलं काम एकदम उलटं करून टाकलं होतं. आजवर लपूनछपून जायची, आता फोन हातात धरून, दारादारांत थांबून, खणखणीत आवाजात बोलायची. मी कुठे आहे, कोणाशी बोलतेय, सगळं ज्याला बघायचं त्याने बघावं. घरोघरी पहाटेचं पहिलं पाणी, नळ आधी न सोडता, बाटलीत घेतलं. घरच्या बाईची सही, डॉक्टरणीची सही, माझं अक्षर. बाटल्या दोन वेगवेगळ्या शहरांतल्या प्रयोगशाळांकडे गेल्या.

आणि खात्याचा नमुने घेणारा वस्तीत आला, त्या दिवशीही ती तिथेच ओट्यावर बसून होती. त्याने सार्वजनिक नळ सोडला आणि शेजारच्या बाकावर जाऊन बसला. पाणी वाहत राहिलं.

"हे असंच करतात का दरवेळी?" तिने शेजारच्या आजींना विचारलं.

"दरवेळी. त्याचं बसून झालं की बाटली भरतो," आजी म्हणाल्या. "आम्ही तोवर बादल्या लावून घेतो. वाया कशाला घालवायचं?"

"हे तुम्ही कोणाला सांगितलं नाहीत?"

"कोणी विचारलं?"

रेडिओ मला नंतर म्हणाली, हे ऐकून तिला एकीकडे आनंद झाला आणि एकीकडे स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली. जे कळायला एका माणसाला जिवावर उदार व्हावं लागलं, ते वस्तीत दिवसाढवळ्या बाकावर बसलेलं होतं. पण कुठे बघायचं, हे त्या माणसानेच सांगितलं होतं, हेही ती विसरली नाही.

प्रयोगशाळांची उत्तरं आली. शिसं होतं, आणि पुष्कळ होतं. वकिलांनी आता कोणाला भेटायची मागणी केली नाही. माफी छापायची तिथे वस्तीतल्या बायकांचे फोटो छापून आले, प्रत्येकीच्या हातात आपापली बाटली.

सभ्य साहेबांनी तिला पुन्हा बोलावलं, या वेळी त्यांच्या कार्यालयात.

"मॅडम, पहिली माहिती आतून आली. ती कोणी दिली?"

"साहेब, पाणी कोणाच्या घरचं, नळ कोणी सोडलेला पाहिला, सगळं सांगायला ती माणसं तयार आहेत. लिहून घेता? आधी ओट्यावरच्या आजी. त्यांच्या तीन सुना आहेत, पण पाणी त्याच भरतात, कारण मधलीची कंबर धरते. ती कशी धरली, तर—"

ती सांगत गेली. साहेबांनी सुरुवातीला लिहून घेतलं. मग पेन खाली ठेवलं. मग पाणी मागवलं. बाहेर पडताना ते दारापर्यंत आले आणि म्हणाले, "मॅडम, गुरुवारी आजकाल तुमचा फोन फार चालतो."

"सासूबाईंची तक्रार हीच आहे," ती म्हणाली.

चौकशी पुढे रेंगाळली आणि मग कुठल्याशा कपाटात गेली. तिने मात्र एक सवय कायमची लावून घेतली. फोन आता कधीही, कुठल्याही दिवशी फ्रिजवर राहतो. खाली कोथिंबीर आणायला गेली तरी, माझ्याकडे पत्ते खेळायला आली तरी. तिच्या कार्यालयातले इतरही आता तसंच करतात. एखाद्या दिवशी फोन गप्प आहे, याचा अर्थ काहीही नाही, अशी तिने व्यवस्था केली आहे. तिच्या जिवावर येतं ते. फोनशिवाय बाकावर बसलेली असली की हात काय करावेत हे तिला कळत नाही.

पुढच्या वर्षी वस्तीत नवे पाईप घालायला सुरुवात झाली. छोटासा समारंभ होता. खात्याचे लोक ओळीने उभे होते, मोठे साहेब, अभियंते, प्रयोगशाळेतले, कारकून, अगदी तो नमुने घेणारासुद्धा. त्यांच्यात ते माणूस असणार. मी खोटं कशाला बोलू, भाषणांकडे माझं लक्ष नव्हतं. मी रेडिओचे डोळे पाहत होते. परीक्षेत कोण कोणाकडे बघतंय, हे मी आयुष्यभर ओळखत आले. नजर जिथे अडखळते तिथे काहीतरी असतं, आणि जिथे मुद्दाम अडखळत नाही तिथे तर हमखास असतं.

ती त्या ओळीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेली. प्रत्येकाशी बोलली. कोणाच्या मुलाच्या लग्नाची चौकशी, कोणाला चष्मा शोभतो म्हणून, नमुने घेणाऱ्याला "आज बाकावर बसला नाहीत?" म्हणून. कोणापाशी जास्त थांबली नाही, कोणापाशी कमी नाही.

परतताना आम्ही वस्तीच्या कोपऱ्यावर बसची वाट पाहत उभ्या होतो.

"शोधत होतात ना, बाई?" ती म्हणाली.

"हो."

"सापडलं?"

"नाही," मी म्हटलं. आणि ते खरं होतं.

तिने मान हलवली. मग बस आली. चढता चढता तिने सवयीने पर्सच्या कप्प्यात हात घातला, तो रिकामाच बाहेर आला, आणि तिच्या लक्षात आलं, की फोन घरी फ्रिजवर आहे.